आडखारच्या बांधावरची ओळ

खाडी वळसा घेऊन गावात शिरू पाहते, तिथे आडखारचा बांध तिला आडवा पडलेला आहे. एका अंगाला खारं पाणी आणि कांदळ, दुसऱ्या अंगाला भाताचे कुणगे. बांध तसा सरळच, पण मध्यावर तो खाडीच्या बाजूला पोट काढल्यासारखा फुगलाय. त्या फुगवट्यावर गवताची काडी उगवत नाही. माती इतकी घट्ट की खेकडासुद्धा तिथे बीळ करायला जात नाही.

पौषात झोडणी आटोपली की गावच्या बायका या फुगवट्यावर अनवाणी उभ्या राहतात. एकमेकींच्या कमरेला हात घालून एकच लांब ओळ. ढोल नाही, टाळ्या नाहीत. पाऊल पुढे टाकायचं, टाच दाबायची, मागे यायचं, पुन्हा दाबायची. गाण्यात कुणग्यांची नावं एकामागून एक घ्यायची, एवढंच. मुंबईहून आलेल्या मुली नंतर देवळापुढे स्पीकर लावून नव्या गाण्यांवर मनसोक्त नाचतात, दरवर्षी नवं काहीतरी शिकून येतात. पण सुट्टी काढून, एसटीत उभ्यानं प्रवास करून त्या येतात ते या बांधावरच्या संथ नाचासाठीच. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. तेव्हा उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या सांभाळणारे म्हातारे येसोबा मेस्त त्यांना बांधाच्या कडेला बसवतात आणि आवडाची गोष्ट सांगतात.

आवडा ही फार जुन्या काळची बाई. खाडीपलीकडून लग्न होऊन या गावात आली. नवरा मचव्यावर, महिनोन्महिने बाहेर. घरात तिला आधार होता तो जावेचा. जावेचं नाव गंगू. गंगूला मूलबाळ नव्हतं. आवडाला मुलगी झाली तेव्हा बाळाला पहिली अंघोळ गंगूनंच घातली आणि केसर हे नावही तिनंच ठेवलं.

त्या काळी बांध टिकत नसे. पुरुष डोंगराची माती आणून टाकत, दगड रचत, आणि आश्विनातलं उधाण ते सगळं घेऊन जाई. खारं पाणी एकदा कुणग्यात शिरलं की दोन-तीन वर्षं भात नाही. गाव उठायच्या बेतात होतं. तेव्हा म्हणे गंगूनंच सांगितलं की माती नुसती टाकून भागत नाही, ती अंगणासारखी चोपायला हवी. चोपणी घेऊन चिखलात उभं राहता येईना. म्हणून बायका पायांनीच माती दाबू लागल्या. घसरून कोणी खाडीत जाऊ नये म्हणून कमरेला हात घातले. पावलं एकदम पडावीत म्हणून कुणग्यांची नावं घेतली. नाच म्हणून कोणी सुरू केला नव्हता. पण ओहोटी लागली की बायका घरची कामं टाकून बांधाकडे पळत. त्या ओळीत उभं राहिलं की दिवसभराची दुखणी अंगातून उतरतात, असं आवडा म्हणायची. एकटीचं अंग एकटीला उचलावं लागत नाही, ओळच उचलते.

बांध उभा राहिला. मध्यावर एक खांड तेवढी बुजायची राहिली होती.

आश्विनातल्या अमावास्येला दुपारी ओळ त्या खांडीतल्या ओल्या मातीवर उभी होती. पुरुष मागून पाट्या ओतत होते. ओहोटी अजून सरायची होती, पण पश्चिमेचा वारा उठला आणि पाणी वेळेआधीच फिरलं. पहिली लाट घोट्यांना लागली. दुसरी गुडघ्यांना. ओळ मोडून सगळ्या पळाल्या असत्या तर सगळ्या वाचल्या असत्या. पण पाय उचलले की खालची ताजी माती जाणार आणि तिच्यामागून अख्खा बांध जाणार, हे प्रत्येकीला कळत होतं. कोणी हात काढला नाही.

आवडा ओळीच्या टोकाला होती, गंगूला लागून. गंगू तिला म्हणाली, "आवडे, तुझा चेडू घराक आसा. तू जा."

"मी सोडूचंय नाय," आवडा म्हणाली.

"सोड गो! तेका दूध कोण देतला?"

आणि गंगूनं स्वतःचा हात आवडाच्या कमरेवरून काढला आणि तिला बांधाकडे ढकललं. आवडा चिखलात तोंडावर पडली. उठून मागे पाहिलं तेव्हा पाणी बायकांच्या छातीला लागलं होतं आणि खांदे अजून एका लयीत वरखाली होत होते. मागून पुरुष माती ओततच होते. ओतताना त्यांनी खाली पाहिलं की नाही, हे गावानं कधी कोणाला विचारलं नाही.

उधाण उतरलं तेव्हा खांड बुजली होती. बांध मध्यावर खाडीकडे फुगला होता. ओळीतली एकही बाई सापडली नाही, ना पाण्यात, ना कांदळात.

पुढच्या वर्षी भात झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही झालं. गाव सावरलं, पण त्या ओळीचं नाव कोणी काढेना. बांधावर पाय दाबायला बायका जाईनात. केसर मोठी झाली तोवर देवळापुढे फुगड्या आणि गरगर फिरणारे नाच आले होते. केसर त्यात सगळ्यांच्या पुढे असे. ती नाचू लागली की बघणारे थांबत. जुन्या ओळीबद्दल तिला ठाऊक होतं ते एवढंच की आईसमोर तो विषय काढायचा नाही. आणि आई बसता-उठता डावी कमर चोळते, तिथलं लुगडं कोरडं असलं तरी झटकते.

मग बांधातून आवाज येऊ लागला.

आधी तो गुराख्यांनी ऐकला. तिन्हीसांजेला, पाणी चढू लागलं की, बांधाच्या पोटातून थप, थप असा ओल्या मातीवर पाय पडल्यासारखा आवाज. कुणग्यात खारं पाणी झिरपू लागलं. पुरुषांनी दगड लावले, झिरपणं थांबेना. "तिन्हीसांजेक बांधार जाव नको," म्हातारी माणसं पोरीबाळींना सांगू लागली. दारं लवकर लागू लागली.

आवडा मात्र अंगणात उभी राहून तो आवाज ऐकत असे. इतरांना त्यात भुतं ऐकू येत होती. तिला लय ऐकू येत होती, आणि ती लय चुकत होती. पाऊल उशिरा पडत होतं, मधूनच पडतच नव्हतं. दमलेली बाई कशी पाय ओढते, तसं. इतकी वर्षं बांध आपोआप उभा नव्हता. त्या तो दाबत होत्या, आणि त्यांना सोडवायला कोणी गेलं नव्हतं. हे तिला उमगलं त्या संध्याकाळी तिनं देवापुढे दिवा लावला, केसरला काही न सांगता बाहेर पडली आणि बांधाच्या फुगवट्यावर जाऊन उभी राहिली. डावा हात तिनं बाजूला रिकाम्या हवेत धरला आणि पाऊल टाकलं.

हात रिकामा राहिला नाही. तिच्या कमरेभोवतीही एक हात आला. थंडगार आणि ओला. आवडाला तो ओळखायला वेळ लागला नाही.

केसर आईला शोधत आली तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. बांधावर आई एकटीच नाचत होती, आणि एकटी नव्हती. तिचं लुगडं डाव्या अंगानं भिजून पाणी गळत होतं. प्रत्येक पावलागणिक ती खाडीकडच्या उतारावर थोडी थोडी सरकत होती. खाली भरतीचं पाणी चढत होतं.

"आये, घराक चल! भरती इली!"

"माका सोडनत नाय गो," आवडा म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. केसरला त्याचीच भीती वाटली.

केसरनं आईचा उजवा हात धरून ओढलं. आई हलली नाही. एका बाईचं वजन नव्हतं ते, अख्ख्या ओळीचं होतं. तेव्हा केसरनं ओढणं सोडलं, आईच्या कमरेला हात घातला आणि तीही पाऊल टाकू लागली. ती पावलं तिला कोणी शिकवली नव्हती. देवळापुढे तिला गरगर फिरायची सवय, लोकांनी बघावं म्हणून नाचायची सवय. इथे बघायला कोणी नव्हतं आणि दाखवण्यासारखं काही नव्हतं. तरी पायांना वाट सापडली. टाच दाबली गेली तशी खालची माती निमूट झाली, आणि हे आपण कायमच करत आलो आहोत असं तिला वाटलं. तिनं गावाकडे तोंड करून मैत्रिणींना हाका मारल्या. पोरी दारं उघडून आल्या, रडत आल्या, पण आल्या. एकेक जण केसरच्या पलीकडे जोडली गेली.

ओळ लांबली तशी आवडा सरकायची थांबली. पण डावीकडचा हात सुटेना.

"आये," केसरनं विचारलं, "तुझ्या बाजूक कोण आसा?"

इतक्या वर्षांत ते नाव आवडाच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. तिनं टाच जोरानं दाबली. मग म्हणाली, "गंगू. तुझी मोठी आये. जा गो गंगू, आता आम्ही आसंव."

कमरेवरचा हात सैल झाला आणि निघून गेला. "तिच्या पलीकडे?" केसरनं विचारलं. "पारू," आवडा म्हणाली. "मग मथी. मग दुर्गी." एकेक नाव तिनं घेतलं, आणि एकेका नावाबरोबर मातीतला एक आवाज थांबत गेला. शेवटी फक्त जिवंत पावलंच ऐकू येऊ लागली. पोरींना हायसं वाटलं. आवडा मात्र कमरेवरची ती ओली जागा धरून खाली बसली आणि सासरी आल्या दिवशी रडली असेल तशी रडली. झिरपणं त्या रात्रीत थांबलं, असं सांगतात.

आजही आडखारच्या बांधावर ओळ मोडताना कोणी नुसता हात काढून घेत नाही. आधी शेजारणीचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच सोडायचं. पाहुण्या बायका ओळीत शिरल्या तर त्यांना आधी नाव विचारतात ते याचसाठी. नावं ओळीतून सरकत खाडीकडच्या टोकाला जातात. तिथल्या शेवटच्या बाईच्या पलीकडे कोणी नसतं, तरी सगळ्या मिळून तिलाही विचारतात, "तुझ्या बाजूक कोण आसा?"

"कोण नाय," ती म्हणते, आणि मुली हसत देवळाकडे पळतात.

पण एखाद्या वर्षी, येसोबा सांगतात, ती उत्तर द्यायला वेळ लावते. मान वळवत नाही, डाव्या अंगानं जरा ताठ होते. अशा वेळी कोणी तिला पुन्हा विचारत नाही. ओळ हात सोडत नाही. बायका पहिल्या कुणग्याचं नाव घेतात आणि पुन्हा पाऊल टाकतात.