मगदूमबाईंचं जेड

"...पण किती दिवसांनी पाणी घालायचं, तेवढं तरी सांगाल की नाही?"

मगदूमबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. चाचांनी तिसऱ्यांदा काहीच सांगितलं नाही.

त्यांचं तरी काय चुकलं? हा प्रश्न ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. मिरजेच्या बाहेर रस्त्याला लागून दस्तगीरचाचांची नर्सरी आहे. चाचांनी सत्तरी ओलांडली, मी साठीला टेकले. एकवीस वर्षं मी इथं माती चाळतेय आणि कुंड्या भरतेय. लोक गाडीतून उतरतात, झाड घेतात आणि विचारतात, किती दिवसांनी पाणी? चाचा कुंडी उचलून त्यांच्या हातात देतात. हलकी लागली तर झाडाला तहान आहे, जड लागली तर नाही. एवढं सोपं आहे. पण लोकांना वार हवा असतो, सोमवार नाहीतर गुरुवार.

मगदूमबाई मात्र झाड घ्यायला आल्या नव्हत्या. मरायला टेकलेलं झाड घेऊन आल्या होत्या.

सांगलीहून रिक्षा करून आल्या, कुंडी मांडीवर धरून. जेडचं झाड होतं, जाड रसाळ पानांचं, मनगटाएवढ्या बुंध्याचं. निम्मी पानं वाटेतच गळाली होती. उरलेली पिवळी आणि मऊ पडली होती.

"बावीस वर्षांचं आहे," बाई म्हणाल्या. "ह्यांनी लावलेलं. बोटाएवढ्या फांदीपासून वाढवलं."

चाचांनी बुंधा दाबून बघितला. बोट आत गेलं.

"ते कुठायत?"

"अंथरुणावर. आठ महिने झाले. अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं."

बाई मुख्याध्यापिका होत्या, आता रिटायर. ते सांगायला लागत नव्हतं. पदराला पिन, हातात घड्याळ, आणि पाठ अशी ताठ, जणू समोर प्रार्थनेला पोरं उभी आहेत. डोळ्यांखाली मात्र काळं पडलेलं.

"तेव्हापासून मीच बघते," त्या म्हणाल्या. "ह्यांचंही आणि झाडाचंही. रोज सकाळी साडेआठला पाणी. एक दिवस चुकले नाही, चाचा."

"एक पण नाही?"

"एकही नाही."

"चुकायला पाहिजे होतं."

बाईंना ते झोंबलं. कुणालाही झोंबेल. मलाही चाचांचा राग आला. थकल्या माणसाशी जरा गोड बोलायला काय जातं?

चाचांनी कुंडी आडवी केली. चिखल बाहेर आला आणि वास सुटला. मुळं त्यांच्या हातात भिजल्या चिंधीसारखी आली.

मग चाचांनी चाकू पुसला आणि बुंधा कापला. आत तपकिरी. चार बोटं वर कापला. तपकिरीच. आणखी वर कापला...

"अहो, बास करा!" बाई ओरडल्या.

चाचा थांबले नाहीत. बावीस वर्षांचं झाड तुकड्यातुकड्यानं पायाशी पडत गेलं. शेवटी वीतभर फांदी उरली. तिचा काप आतून हिरवागार होता.

"ही जगेल," चाचा म्हणाले.

बाई खाली बसल्या, तिथंच, मातीत. इस्त्रीच्या साडीचं भान राहिलं नाही त्यांना.

"सकाळी डोळे उघडले की हे आधी खिडकीत झाडाकडं बघतात," त्या म्हणाल्या. "मग माझ्याकडं. झाड गेलं तर त्यांची उमेद जाईल. आणि उमेद गेली की... मी काय करू हो?"

चाचांनी फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

"सावलीत फळीवर ठेवायची. पंधरा दिवस."

"पाणी?"

"नाही."

"माती?"

"नाही."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी समजावून सांगितलं. काप ओला आहे, तो वाळायला हवा. त्यावर कातडी धरली की मगच मातीत लावायची. आधी लावली तर पुन्हा सडेल. पंधरा दिवस नुसती पडून राहिली तरी तिला काही होत नाही, तिच्या पानात तिच्यापुरतं पाणी असतं.

"नुसती पडून?" बाईंनी विचारलं.

"नुसती पडून."

मान हलवून गेल्या.

पाचव्या दिवशी परत आल्या, दुपारी दोनच्या सुमाराला. हातात छोटी कुंडी. चाचांनी लांबूनच बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

फांदी मातीत लावलेली होती. माती ओली होती. कापाला हळदही लावली होती.

"बघवेना हो मला," बाई म्हणाल्या. "कोरडीठाक फळीवर पडलेली. येता-जाता नजरेला पडायची. वाटायचं, आपण घरात असताना हिनं असं तहानेनं पडावं? थोडंसंच घातलं. चमचाभर."

"किती वेळा?"

बाईंनी पदराची पिन चाचपली.

चाचांनी फांदी उपटली. टोक काळं पडलं होतं. त्यांनी पुन्हा चाकू पुसला आणि पुन्हा कापलं. आता चार बोटांएवढी उरली, वर सहा पानं. चाचांनी ती नेऊन आपल्या खोलीतल्या फळीवर ठेवली.

"ही इथं राहील."

"मी नीट करीन आता..."

"इथं राहील."

बाई बाजल्यावर बसल्या. त्यांना वाद घालायचा होता, पण अंगात तेवढं त्राणच नव्हतं. आम्हाला तिघांनाही नव्हतं म्हणा. ऊन मी म्हणत होतं. माझे गुडघे सकाळपासून बोंबलत होते. चाचा कोकोपीटच्या पोत्यावर बसले.

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, जीभ सुधारली, घसा सुधारला. आतापर्यंत बोलायला हवं होतं. पण बोलत नाहीत."

"का?"

"काय माहीत." बाई जरा सावरून बसल्या. "खरं सांगू का, त्यांना गरजच पडत नाही. छत्तीस वर्षांचा संसार आहे आमचा. नजरेवरून ओळखते मी. तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी ताट. चारला चहा. घड्याळ लावून घ्यावं लोकांनी. दिवसा शालन असते मदतीला, पण तिला बजावून ठेवलंय, मी आल्याशिवाय त्यांना काही द्यायचं नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यांचं सगळं माझ्या हातचं."

हे बोलताना बाईंच्या तोंडावर जे तेज आलं ना, काय सांगू! मला त्यांचा हेवा वाटला आणि कीवही आली. मी आमच्या मालकांना ताट वाढून कधी दिलं नाही. हात आहेत, घ्या की वाढून, असं मी म्हणायचे. आता ते नाहीत, आणि वाटतं, वाढायला हवं होतं. जाऊ दे.

चाचांनी बाईंच्या डोळ्यांखालचं काळं निरखलं.

"झोप लागते का, बाई?"

"झोपायला वेळ कुठाय?"

"किती वाजले?"

"अडीच. तीनला निघणार मी."

"मग तोवर पडा जरा."

"छे! परक्याच्या दारात?"

"नुसतं टेका."

बाई नुसत्या टेकल्या. पापण्या मिटायच्या आधीच झोप लागली असावी. तोंड उघडं, पिन सुटलेली, एक चप्पल पायात आणि एक खाली. मुख्याध्यापिकेसारखं काही म्हणता काही उरलं नाही.

तीन वाजले. मी उठवायला गेले. चाचांनी हात वर केला.

"राहू दे."

"चाचा, त्यांच्या घरी माणूस अंथरुणावर आहे!"

"शालन आहे म्हणाल्या ना?"

"पण तिला काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय की! चारचा चहा चुकंल त्यांचा."

चाचांनी हात खाली घेतला नाही.

साडेतीन झाले. चार झाले. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. कुणाच्या घरातलं आपल्याला काय कळतं म्हणून आपण असं वागावं? म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं मी पुटपुटले, मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं. ते गालिच्यावर बसलेल्या पाहुण्यासारखे निवांत होते. पण मला दिसत होतं, त्यांची बोटं पोत्याची सुतळी सारखी ओढत होती. त्यांनाही भीती वाटतच होती.

साडेचारला बाईंच्या पर्समधला फोन वाजला.

बाई दचकून उठल्या, घड्याळ बघितलं आणि पांढऱ्याफटक पडल्या. फोन कानाला लावायच्या आधीच पलीकडून शालनचा आवाज आला, इतका मोठा की रस्त्यावर ऐकू जावा.

"बाई! अहो बाई, साहेब बोलले!"

"काय?"

"तोंडानं बोलले, बाई! घड्याळाकडं बघत होते कधीचे. मग दाराकडं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, चहा. मी म्हटलं, बाई येतील आता. तर दुसऱ्यांदा ओरडलेच की! चहा! चक्क ओरडले!"

बाई उभ्याच राहिल्या. मग बसल्या. मग रडायला लागल्या, आवाज करून, लहान पोरासारख्या. मलाही रडू आलं. का खोटं बोलू?

रडता रडता त्या एकदम थांबल्या.

"आठ महिने," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी पाठ टेकली नाही. आणि पहिला शब्द काय, तर चहा! माझं नाव नाही आलं तोंडात?"

मला हसू फुटलं. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की हसू जागच्या जागी गिळलं. मग त्या चाचांकडं वळल्या.

"आणि तुम्ही! मला उठवलं का नाही? मी तीनला निघणार म्हटलं होतं!"

चाचांनी हातातली सुतळी सोडली.

"त्यांना काही झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर माझा गुन्हा होता, बाई," चाचा म्हणाले. "मी मोकळा झालो नसतो त्यातून."

बाईंनी दुसरी चप्पल शोधली, पदराला पिन लावली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"शालन, ऐक. तू गॅसला हात लावू नकोस. मी निघालेच. ह्यांना चहा कसा लागतो ते तुला नाही कळायचं."

मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. चाचा पोत्यावरून उठले. एकदा बसले की ते सहसा कुणासाठी उठत नाहीत. कमरेवर हात ठेवून, पाय ओढत रिक्षापर्यंत आले आणि दांडीला धरून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "साखर किती घालू, ते विचारा त्यांना."

"विचारायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. "दीड चमचा. छत्तीस वर्षं मीच घालतेय."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. चाचांनी दांडी सोडली नाही.

"तरी विचारा."