तिसरा दगड

त्या राज्यात नदीवर पूल नव्हता आणि कळपातल्या कोणालाच पोहता येत नव्हते. पाण्याखालच्या दगडांवरून पुढे एक वाटाड्या चाले आणि त्याच्या मागे सगळा कळप. गेल्या पुरात भुऱ्या नावाचे वाटाड्या गाढव वाहून गेले. तेव्हापासून पलीकडचे गवत पलीकडेच वाढत होते.

नवा वाटाड्या निवडण्याचे काम काठावरच्या म्हाताऱ्या कासवाकडे होते. कासव प्रश्न विचारी. उत्तर कंटाळवाणे निघाले की त्याची मान बोटभर आत जाई.

मुलाखतीची दवंडी पिटताच पोपटाने उंबरावर शिकवणी उघडली. तो उत्तरे चोचीने पानांवर टोचून देई. घोडा, बोकड आणि मोर ती दिवसभर घोकत बसत. भुऱ्याचा धाकटा भाऊ कबऱ्याही एक दिवस गेला. पण त्याला वाचता येत नव्हते आणि भूक लागली होती. त्याने उत्तरांचे पान खाऊन टाकले.

"कसं होतं?" पोपटाने रागाने विचारले.

"सुरुवात बरी होती. पुढं कडू."

त्याला हाकलण्यात आले. जाताना त्याने उंबराला लाथ घातली.

मुलाखतीला पहिला घोडा आला. "तुझा दोष काय?" कासवाने विचारले.

"मी कामात स्वतःला विसरतो," घोडा म्हणाला. मान बोटभर आत गेली. बोकडही कामात स्वतःला विसरत होता. मोराची पाळी येईपर्यंत समोर कासवाची नुसती पाठच उरली. मोराने त्या पाठीपुढे पिसारा फुलवून सगळी उत्तरे म्हटली, वाकून नमस्कार केला आणि "फार छान झाली" असे वाटेत सगळ्यांना सांगत निघून गेला.

शेवटी कबऱ्या आला.

"जागा कशाला हवी?" पाठीखालून आवाज आला.

"सेवा म्हण, सेवा!" पोपट फांदीवरून कुजबुजला.

"तूच कर," कबऱ्या त्याला म्हणाला आणि कासवाकडे वळला. "आजोबा, तिसऱ्या दगडापाशी माझा दादा गेला. आता त्याच्या जागी दुसरा कुणी चालताना दिसला, तर मी त्याला लाथ मारणार. त्यापेक्षा मीच चाललेलो बरा."

पाठीखालून नाकाचा शेंडा बाहेर आला. "आणि तुझा दोष?"

"लाथ आधी जाते, विचार मागून येतो. शिवाय पाणी गुडघ्याच्या वर आलं की मला रडू येतं."

आता डोळेही बाहेर आले. "वाट ठाऊक आहे?"

"मी कायम दादाच्या मागं असायचो. त्याची शेपटी चांगली पाठ आहे. पहिला दगड डुगडुगतो, दुसऱ्यावर शेवाळ आहे. तिसरा पुरात सरकलाय म्हणतात. कुठं, ते मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय? माहीत नाही म्हणजे नाही."

कासवाची सुरकुतलेली मान पूर्ण बाहेर आली. ती एवढी लांब असेल असे काठावर कोणालाच वाटले नव्हते.

"तुला काही विचारायचंय?"

हा प्रश्न पोपटाच्या एकाही पानावर नव्हता.

"दादानं हाक मारली असेल," कबऱ्या म्हणाला. "तुम्ही इथंच होता ना?"

"मारली होती," कासव म्हणाले. "मी मान आत घेतली."

कबऱ्याचा मागचा पाय उचलला गेला. पोपटाने घाईने फांदी बदलली. पाय कितीतरी वेळ तसाच हवेत राहिला आणि मग हळूच खाली आला.

"पूर ओसरल्यावर मी तळाशी गेलो होतो," कासव म्हणाले. "तिसरा दगड कुठं आहे, ते मी बघून ठेवलंय."

"मग बसा पाठीवर."

दुसऱ्या सकाळी कळप काठावर जमला. कबऱ्या मोठ्याने रडत पाण्यातून पुढे चालला होता. त्याच्या पाठीवर कासव बसले होते आणि त्याची मान गाढवाच्या दोन कानांमधून पुढे आली होती. उंबरावर पोपटाची नवी शिकवणी भरली होती. घोडा, बोकड आणि मोर एका सुरात घोकत होते, "तिसऱ्या दगडापाशी माझा दादा गेला. तिसऱ्या दगडापाशी माझा दादा गेला."

कासवाची मान सवयीने बोटभर आत गेली.

"आजोबा," कबऱ्या हुंदका गिळत म्हणाला, "दुसरा दगड झाला."

मान बाहेर आली.