भेंडीची ओळ

“मग माझ्या पऱ्हाटीला नाव कधी देता, गुरुजी?”

सुमेधाने तिसऱ्यांदा विचारलं.

दाजीबा उमक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत उकिडवे बसले होते. वऱ्हाडच्या त्या भागात वाणाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. दाजीबा ‘झालं’ म्हणाले, की वाण झाला, त्याला नाव मिळालं.

तो एक शब्द ऐकायला सुमेधा चार वर्षं झुरत होती. संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, देठाला दोरा बांधायचा. आई-झाडाकडून लांब धागा, बाप-झाडाकडून पानावरची लव. लव दाट असली, की रस शोषणारे तुडतुडे पानावर टिकत नाहीत. पण दर पिढीत काही रोपं ती लव विसरायची. विसरलेली तिने उपटली होती. उरलेल्यांवर जीव लावला होता.

“एक पान लाल नाही, गुरुजी. एक वाकडं नाही.”

दाजीबांनी पान उलटलं. अंगठा फिरवला.

“लव तं हाये…”

ती पुढे झुकली.

“भेंडी कुठी गेली वं?”

वाण पारखायचा तर कपाशीभोवती भेंडीची ओळ लावायची, असा त्यांच्याकडे रिवाज होता. तुडतुडे आधी भेंडीवर माजतात, मग कपाशीवर चालून येतात.

“उपटली,” ती पुटपुटली. “तिच्यावर तुडतुडे फार झाले होते… माझी रोपं कोवळी होती.”

“वा! पेपर देल्लाच नाही, अन् पोरगी पहिली!”

सुमेधाची मान खाली गेली.

दाजीबा उठले. बाजूच्या वावरातून भेंडीची एक फांदी मोडून आणली. पानांखाली हिरवट तुडतुडे तिरके पळत होते. फांदी त्यांनी तिच्या हातात दिली.

“झटक.”

हात उचलवेना…

शेवटी तिने डोळे मिटले आणि आपल्या झाडांवर फांदी झटकली.

“आता सगळं वाळलं तर?”

“माहं अठरा डाव वाळलं.”

“अठरा वेळा? पण शेवटी तुमचं झाड झालंच ना, गुरुजी? कसं होतं ते?”

दाजीबा समोरच्या रिकाम्या सरीकडे वळले.

“त्याचीच तं अजून वाट पाहून राहिलो, पोरी.”