गोजराक्काची डावी थाप

फार वर्षांपूर्वी, आंबेखोलात एसटी तर सोडाच, बैलगाडीसुद्धा धड उतरत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कुंभारआळीत गोजराक्का राहायची. कुणाचा हात-पाय मोडला की ती हाड बसवायची, बांबूच्या कामट्या बांधायची आणि तोच हात किंवा पाय मातीचा घडवून, भाजून गावदेवीला वाहायची. दुखरा भाग चाचपल्याशिवाय मातीला हात लावायची नाही. तिच्या बोटांना माणसाच्या आतलं हाडन्‌हाड दिसायचं, असं म्हणतात. तोंडानं मात्र भारी फटकळ. कण्हणाऱ्याला म्हणायची, हाड तुझं मोडलंय, माझे कान कशाला फोडतोस?

सोमा तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. जत्रेला त्याचा ढोल घुमल्याशिवाय देवीची पालखी हलायची नाही. एका साली जत्रेला दोन महिने उरले होते आणि हा पठ्ठ्या फणसावरून पडला. उजवं मनगट मोडलं.

गोजराक्कानं हाड बसवलं, मातीचा हात केला, देवीला वाहिला. पण जीव थाऱ्यावर नव्हता बिचारीचा. पुढे कामट्या सोडल्या, हाड छान जुळलं होतं, पण बोटं काही हलेनात. सोमा ढोलाकडे पाठ करून बसायचा. जेवायचा नाही. ते तिला बघवेना.

जत्रेच्या सकाळी ती देवळात गेली. वाहिलेल्या मातीच्या हातावर तिनं आपला उजवा हात ठेवला, तर अंगठ्यावर अंगठा येईना. माती घडवताना सोमा समोर बसलेला, त्याचा उजवा हात तिच्या डावीकडे, आणि काळजीच्या भरात तिनं डावाच हात घडवला होता! वाहिलेलं परत घ्यायचं नाही अशी गावाची रीत. नवा भाजायला वेळ कुठला? तिनं देवीपुढे पदर पसरला.

"चूक माझी आहे, आई. उजवा हात हवा तर माझा घे. त्याचा सोड."

तिकडे अंगणात सोमाची करंगळी हलली, मग सगळी बोटं. इकडे गोजराक्काचा उजवा हात मातीसारखा गार पडला, असं म्हणतात.

सोमा ढोल गळ्यात अडकवून धावतच आला. देवीपुढचा मातीचा डावा हात पाहिला, बहिणीचा लुळा पडलेला उजवा हात पाहिला, आणि सगळं समजून ओक्साबोक्शी रडायला लागला.

"रडतोस काय?" ती म्हणाली. "पालखी खोळंबलीय. वाजव की."

त्यानं बऱ्या झालेल्या उजव्या हातात तिचा गार हात घट्ट धरला आणि पहिली थाप डाव्या हातानं मारली. पुढे गोजराक्का डाव्या हातानं हाडं बसवत राहिली, तोंड तसंच चालवत.

आता हाड मोडलं की तालुक्याला नेऊन प्लास्टर घालतात. मातीचे हात वाहणारी माणसं फार उरली नाहीत. पण कुणी आलंच, तर कुंभारआळीत आधी मोठ्यानं विचारतात, उजवा की डावा? आणि हात वर करून दाखवल्याशिवाय माती मळत नाहीत.

जत्रेला ढोलवाला कुंभारआळीतल्या सगळ्यात थोरल्या बाईचा हात आपल्या उजव्या हातात घेतो आणि थांबतो. ती म्हणते, "रडतोस काय? वाजव की." मग पहिली थाप डाव्या हाताची पडते. आणि खरं सांगायचं तर दर वर्षी तो रडतच असतो.