निलव्वानं सरकवलेली वेस

दोन रात्री मला झोप नव्हती, ती एका शब्दापायी. निलव्वाची गोष्ट माझ्या चिनूला सांगायची, तर लोकांना कसला आजार झाला होता तेही सांगावं लागणार. आमच्याकडे मोठी माणसं ‘अवघड जागेचं दुखणं’ म्हणून पुढं जातात. सात वर्षांची मुलगी पुढं जात नाही, कुठली जागा ते विचारते. मी एम.एस्सी. झालेली बाई, पण तोंडाला कुलूप. शेवटी ठरवलं, जे आहे ते सांगायचं. तुम्हीही ऐका.

गावाला रस्ता नव्हता, पण वेस होती, तेव्हाची ही गोष्ट. वेशीच्या आत निलव्वा सुईण राहायची. बाहेर माळावर देवीला सोडलेल्या जोगतिणी राहायच्या, आणि लुगडं नेसणारे जोगते. सणाला गाव त्यांच्या पाया पडायचं. ते आजारी पडले की तोंड फिरवायचं.

एका उन्हाळ्यात माळावर गरमी पसरली; उन्हाची नव्हे, गरमी नावाच्या रोगाची साथ. मोठी माणसं अंगाला अंग लावून जवळ येतात, त्यातून ती लागते आणि शूच्या जागी जखमा होतात. (चिनूनं मान डोलावली. घाम मला आला.)

निलव्वा औषधं घेऊन निघाली, तसा रायगोंडा पाटील आडवा आला.

“त्यास्नी हात लावलास तर आमच्या लेकीसुनांना लावायचा न्हाई. काय ते ठरीव.”

“ठरीवलं. मी आत न्हाई, भाईर न्हाई. वेशीतच बसते.”

आणि बसली. चूल मांडली, हंड्यात कडुनिंबाचा पाला उकळला. पहिली आली यमनाक्का, पुरुषाच्या अंगानं जन्मलेली, हिरवं लुगडं नेसणारी.

“मला बाई म्हनशील का बाप्या?” तिनं डिवचलं.

“आधी बूड टेक. कुठं दुखतंय, बाळा?”

एवढंच ती सगळ्यांना विचारायची. कुणाकडून लागलं, हे कधीच नाही. नेम मात्र कडक होता. एकाची जखम धुऊन झाली की निलव्वाच्या हातांवर पाणी घालायचं ते पुढच्यानं. मगच त्याची पाळी.

गावानं तिला बाळंतपणाला बोलावणं बंद केलं, भाकरी बंद केली. ती उठली नाही. असं म्हणतात, लाकडं संपली तरी हंडा उकळत राहिला. असं म्हणतात, कुणी तिच्या हातांवर पाणी घातलं की वेशीचा दगड वीतभर माळाकडं सरकायचा.

आणि एके दिवशी रांगेत, पटका तोंडावर ओढून, खुद्द पाटील!

“पाटील, नंबर माझ्यामागं हाय,” यमनाक्का म्हणाली. तिची जखम धुऊन झाली आणि तांब्या पाटलाच्या हातात आला.

“दुसरं कोन तरी घालील की,” तो पुटपुटला.

“मग माझं हात असंच ऱ्हातील,” निलव्वा म्हणाली, “आन तुमची पाळी काय यायची न्हाई.”

पाटलानं पाणी घातलं आणि मान खाली घालून बसला.

“कुठं दुखतंय, बाळा?” निलव्वानं विचारलं. बाकी चकार शब्द नाही.

असं म्हणतात, त्या दिवशी दगड थेट माळापलीकडं जाऊन उभा राहिला, आणि अख्खा माळ गावात आला.

आमच्या आरोग्य केंद्रात आता नळ आहे. तरी मंगळवारी ‘निलव्वाची बारी’ असते. जोगते येतात, धंदा करणाऱ्या बायका येतात, ट्रकवाले येतात. कुणाचं नाव विचारत नाहीत. नर्सबाईंच्या हातांवर पुढचा पेशंट तांब्यानं पाणी घालतो.

“ती पाटलाला हसली पण नाही?” चिनूनं विचारलं.

“नाही.”

“मी थोडंसं हसले असते,” ती म्हणाली, “पण औषध दिलं असतं.”