गोगीची गैरहजेरी

प्राणी अजून शाळेत जायचे, तेव्हाची ही गोष्ट. गोगी नावाची गोगलगाय दुसऱ्यांदा पहिलीत बसली होती, कारण तिची हजेरीच भरत नव्हती. बगळेमास्तर तिचं नाव एवढ्या मोठ्यानं ओरडायचे, की ती झटकन शंखात शिरायची.

“गेली पुन्हा घरी!” म्हणत मास्तर गैरहजेरी लावायचे. “मी इथंच आहे,” असं गोगी आतून म्हणायची. पण ऐकतंय कोण!

एके दिवशी तपासणीला हत्तीसाहेब आले. “कुठायत मास्तर?” ते असे गरजले, की मास्तरांनी पंखात डोकं खुपसलं, ते काही केल्या बाहेर काढेनात.

गोगीला त्यांची फार दया आली. तिनं हळूच एक शिंग बाहेर काढलं.

“साहेब, जरा हळू हाक मारा. मास्तर आतच आहेत. गैरहजेरी लागली तर बिचारे पुन्हा पहिलीत बसतील!”