भिंतीला पोट सुटलं

भिंतींना कानांसारखं तोंडही होतं, तेव्हाची गोष्ट. एका तळघराच्या भिंतीला पोट सुटलं. तिच्या पायाशी घुशीची पिल्लं निजत, म्हणून घाबरलेली घूस गवंड्याच्या ओळंब्याला घेऊन आली.

त्याने दोरी सोडून पाहिली. “बाई, वीतभर पुढे आलीस. पडशील!”

“जळतोस, मेल्या! खात्यापित्या घरचं पोट आहे.”

“खाल्लंस काय?”

“धक्के! मागच्या मातीत पाणी साचलंय, ते ढकलतं. पण थेंब आत येऊ दिला नाही मी.”

घुशीने बाहेर जाऊन मातीतून उताराकडे बीळ पोखरलं. पाणी वाहून गेलं, भिंतीची पाठ हलकी झाली. मग ओळंब्याने बोलावून आणलेल्या लाकडी टेकूने पोटाला खांदा लावला.

“खांदा कसला देतोस? मेले नाही अजून!” भिंत खेकसली आणि लगेच आवाज उतरवून म्हणाली, “हळू रेट रे. पिल्लं जागी होतील.”